रिकाम्या बसमधली जागा

झुंबरबाई आमच्या कंपनीत आल्या १९९७ साली. कंत्राटदाराकडून येणाऱ्या बायकांची नावं लिहून घेणं हे तेव्हा माझं काम होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना, विजेचे स्विच आणि पॅनेल बनवणारा. मी पर्सोनेल खात्यात होते. खात्याचे प्रमुख यादव साहेब; त्यांच्या केबिनबाहेरचं टेबल माझं.

“नाव?”

“झुंबरबाई भिका बागूल. अन् मॅडम, बायांचा संडास कुठं हे?”

“कॅन्टीनच्या मागे. किल्ली गेटवर गार्डकडे मिळेल.”

“किल्ली गार्डाकडं कशापायी?”

मी पुढच्या बाईचं नाव विचारलं, तरी ह्या तिथेच उभ्या. आवाज चढवणं नाही, भांडण नाही. हातात कापडी पिशवी, कपाळावर हिरवं गोंदण, आणि नजर माझ्यावर. शेवटी मी उठून साहेबांना विचारायला गेले. दुसऱ्या दिवशी ते कुलूप निघालं. आम्ही दोन-तीन पर्मनंट बायका कित्येक वर्षं त्या किल्लीसाठी गार्डच्या तोंडाकडे बघत होतो, आणि कुणालाच वाटलं नव्हतं की विचारून बघावं.

बाई कळवण तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या वस्तीवरच्या. नवरा भिका पंचवटीच्या बाजार समितीत हमाली करायचा. पेठ रोडला फुलेनगरमध्ये दोन खोल्या, पदरात एक मुलगी, सविता. तिला शिकवायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं, आणि त्यांचं ठरलेलं फारसं बदलत नसे, हे मला पुढे कळत गेलं.

आता आमच्या बसचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय बाईंचं काही कळायचं नाही.

मी लागले तेव्हा कंपनीच्या दोन बसगाड्या होत्या. एक नाशिकरोडकडून यायची, दुसरी पंचवटी कारंजावरून सुटून रविवार कारंजा, सीबीएस, मायको सर्कल, त्रिमूर्ती चौक अशी अंबडला. जवळपास राहणारे कामगार सायकलने यायचे. गेटच्या आत डाव्या हाताला सायकल स्टँड होता, पत्र्याखाली, गच्च भरलेला. मग ९८च्या सुमारास वरून हुकूम आला की बसवरचा खर्च कमी करा. यादव साहेब हुशार माणूस. बस बंद केली असती तर युनियनने गेट बंद केलं असतं. त्यांनी वेगळीच वाट काढली. पतपेढीकडून मोटरसायकलसाठी कमी व्याजाचं कर्ज सुरू केलं. जो बसमध्ये बसणार नाही त्याला पगारात पेट्रोल भत्ता. आणि सायकल स्टँड पाडून तिथे मोटरसायकलींसाठी नवं, उंच शेड बांधलं. सायकली गेल्या मागच्या भिंतीला, उन्हात. थोड्याच दिवसांत सीटची रेक्झिनं तडकली.

कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. तरी दोन वर्षांत जवळपास सगळे पर्मनंट कामगार मोटरसायकलवर आले. नाशिकरोडची बस विकून टाकली. पंचवटीची तेवढी राहिली, कारण मोटरसायकल न चालवणारे आम्ही काहीजण होतो. सुट्टी झाली की गेटवर धुराचा लोट उठायचा आणि आमची भली मोठी बस मूठभर माणसं घेऊन त्यातून वाट काढायची.

ती बस चालवायचे हारुनभाई, जुन्या नाशकातले. गाडी स्वतःच्या हाताने धुवायचे. मागच्या रिकाम्या सीटांवर धूळ बसते म्हणून रोज फडकं मारायचे. “बैठनेवाला नसला म्हणून काय झालं, सीट तर सीट आहे ना, मॅडम,” म्हणायचे.

आणि कंत्राटी बायका? त्यांना ही बस नव्हती. नियमच होता तसा. शिफ्टच्या वेळेला सिटी बस मिळायची नाही, म्हणून पंचवटीकडच्या पंधरा-वीस जणी निमाणीच्या स्टँडवरून शेअर रिक्षाने यायच्या. मागे चौघी कोंबलेल्या, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक, पाय बाहेर. रिक्षावाले पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचे. कामावर पोचेपर्यंत बायकांचे डोळे लाल झालेले असायचे. सीबीएसला रिक्षा बदलायची, त्रिमूर्ती चौकात उतरायचं, तिथून चालत कारखाना. उशीर झाला की कंत्राटदार धनराजशेठ अर्धा रोज कापायचा. रोज सकाळी मी बसच्या खिडकीतून त्यांना बघायचे. त्याही मला बघायच्या.

२००० सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. उंटवाडीच्या पुलाजवळ आमच्या बसच्या पुढे एक रिक्षा होती. समोरून आलेल्या मोटरसायकलला वाचवायला गेली आणि कलंडली. आत आमच्याच बायका. हारुनभाईंनी ब्रेक मारला आणि कुणाला न विचारता खाली उडी घेतली. आम्हीही धावलो. भागीबाईचा हात कोपराखाली विचित्र वाकला होता. झुंबरबाईंच्या भुवईतून रक्त येत होतं, पण त्या दुसऱ्यांनाच बाहेर ओढत होत्या. हारुनभाईंनी सगळ्यांना बसमध्ये घेतलं आणि बस सरळ सिव्हिल हॉस्पिटलकडे वळवली. भागीबाईला तिथे पोचवून आम्ही कारखान्यात गेलो तेव्हा अर्थातच उशीर झाला होता. बसमधल्या सगळ्यांना लेट मार्क लागला. त्यातल्या एकाने तक्रार केली. बस मार्ग सोडून गेली आणि कंत्राटी बायकांना घेतलं, म्हणून हारुनभाईंना मेमो मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटी कारंजावर झुंबरबाई आमच्या थांब्यावर उभ्या होत्या. भुवईवर पट्टी. बस आली तसा त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

हारुनभाई कसनुसे झाले. “बाई, काल जान का मामला था. आज घेतलं तर माझी नोकरी जाईल. मेमो आलाय मला.”

“आमच्यापायी?”

“अब क्या बोलू.”

बाईंनी पाय मागे घेतला. “तुमच्या पोटावर पाय देऊन नाय चढायचं मला. पण चढणार मी, हारुनभाई. ज्यानं नाय म्हटलंय त्याच्याकडून ‘हो’ घेऊन चढणार.”

आणि त्या निमाणीकडे चालत गेल्या, रिक्षा धरायला.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी आल्या. “साहेबांना भेटायचं हे.” मी आत विचारलं. साहेबांनी बोलावलं.

यादव साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी भागीबाईची चौकशी केली, दवाखान्याला मदत करायला धनराजशेठला सांगतो म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “साहेब, बस रिकामी येते. आमाला बसू द्या.”

“तसं करता येत नाही, बाई. तुम्ही कंपनीच्या कामगार नाही. धनराजशेठच्या आहात.”

“काम तर कंपनीचं करतो.”

“तेच तर.” साहेब खुर्चीत पुढे झाले. “हे बघा, स्पष्टच सांगतो. कंपनीची बस दिली, कंपनीचं कार्ड दिलं, की उद्या कुणीतरी वकील तुम्हाला कोर्टात घेऊन जाईल. म्हणेल, सगळ्या सोयी पर्मनंटच्या दिल्या, मग पर्मनंट का करत नाही? मला वर उत्तर द्यावं लागतं.”

“म्हंजे आमी कोर्टात जाऊ या भीतीनं बस रिकामी पळवायची?”

साहेबांनी समोरची फाईल ओढली. बाई उभ्या. मला ती जुनी नजर ओळखीची होती. शेवटी साहेब म्हणाले, “मला काम आहे, बाई.”

“करा. मी पुन्ना येईन.”

आणि त्या येत राहिल्या. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी जेवणाच्या सुट्टीत त्या केबिनच्या दाराशी दिसायच्या. “साहेब, बसचं काय झालं?” एवढंच. साहेब कधी हसायचे, कधी चिडायचे. धनराजशेठने त्यांना दम दिला, “जास्त शहाणपणा केलास तर उद्यापासून येऊ नकोस.” बाई म्हणाल्या, “कामात खोट काढा, मग काढा मला.” कामात खोट निघत नव्हती. पॅकिंगमध्ये त्यांच्या हातचा खोका परत आलेला कुणाला आठवत नव्हता.

असं वर्ष गेलं. मग एक वेगळंच वारं आलं. आमच्या मालाच्या एका मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली की कंपनीने पर्यावरणाचं प्रमाणपत्र घ्यावं. सल्लागार आले. सांडपाणी तपासलं, भंगार तपासलं, आणि गेटजवळ उभं राहून सकाळचा तमाशा बघितला. एवढ्या मोटरसायकली कशाला, त्यांनी विचारलं. कामगारांनी एकत्र यावं-जावं, सायकल वापरावी, यासाठी कंपनी काय करते?

यादव साहेबांनी त्या दिवशी कर्ज-भत्त्याच्या जुन्या फायली काढायला लावल्या. आपणच दिलेलं कर्ज, आपणच दिलेला भत्ता, आपणच पाडलेला स्टँड. आता त्याच माणसांना उलटं वळवायचं होतं.

सुरुवात नेहमीसारखी झाली. नोटीस बोर्डावर हिरव्या झाडाचं पोस्टर लागलं. दर सोमवार ‘वाहनमुक्त सोमवार’ जाहीर झाला. पहिल्या सोमवारी कॅन्टीनमध्ये भाषण झालं आणि टाळ्याही पडल्या. कामगार बसने आले, सायकलने आले, एकजण तर चालत आला. आणि मग साहेबांची गाडी गेटमधून आत शिरली. त्यांना म्हणे त्या दिवशी सातपूरला मीटिंग होती. दुसऱ्या सोमवारी निम्मे लोक मोटरसायकलवर आले, तिसऱ्या सोमवारी सगळे. पेट्रोल भत्ता चालूच होता. तो सोडून बसमध्ये कोण बसणार?

त्या आठवड्यात झुंबरबाई केबिनशी आल्या तेव्हा साहेब वैतागलेले होते. “या. विचारा. बसचं काय झालं?”

“विचारत नाय आज. सांगायला आले. ज्यांना बस नको हे त्यांना तुमी हात जोडताय, साहेब. अन् ज्यांना पायजे त्यांना पायरीवरून खाली उतरवताय. हे कसलं पर्यावरण?”

साहेबांनी मान वर केली नाही. पण बाई गेल्यावर मला म्हणाले, “तृप्ती, हिला काय उत्तर द्यायचं सांग.”

प्रमाणपत्राची तपासणी आणि गिऱ्हाइकाची माणसं यायची तारीख ठरली २००२ च्या फेब्रुवारीत. पाहुणे सकाळीच येणार होते, लोक कसे कामावर येतात ते त्यांना बघायचं होतं. बस गेटमधून भरलेली आत यायला हवी होती. आदल्या दिवशी धनराजशेठ पॅकिंगमध्ये आला, चेहऱ्यावर मोठं हसू.

“उद्या सगळ्या पंचवटीवाल्यांनी कंपनीच्या बसनं यायचं. चांगल्या साड्या नेसा.”

बायकांच्यात खुसखुस झाली. झुंबरबाईंनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. “अन् परवा?”

“परवा काय? परवा नेहमीसारखं.”

“मग उद्या पण नेहमीसारखं.”

धनराजशेठचं हसू गेलं. “झुंबरबाई, हे लई मोठ्या लोकांचं काम आहे. बसमध्ये उद्या एक जरी बाई कमी दिसली तर सगळ्या घरी बसाल.”

तो गेल्यावर बायका बाईंवर तुटून पडल्या. मी तिथे हजेरीच्या कामाला गेले होते, सगळं ऐकलं. “एक दिवस तर एक दिवस, बसायला काय जातंय तुझं?” “आमचा रोज बुडाला तर तू देणार का?” भागीबाई तेव्हा पुन्हा कामावर यायला लागली होती, हात जुळला होता पण ताकद गेली होती. ती हळूच म्हणाली, “झुंबर, रिक्षात दांडी धरवत नाय मला. एक दिवस तरी बसू दे की.”

झुंबरबाई तिच्याजवळ खाली बसल्या. “तू बस, भागी. तुला मी काय म्हणणार नाय, अन् दुसरं कोणी म्हटलं तर मी बघते. पण माझं ऐक. उद्या आपण त्या बसमधी शोभेला बसलो, की मग कायमचं झालं. मग ते म्हणतील, पायजे तेव्हा बोलावतो, नको तेव्हा उतरवतो, अन् ह्या येतात. आज त्यांना आपली गरज हे. अशी गरज पुन्ना लागायची नाय.”

कुणी हो म्हटलं नाही. घरी जाताना बायका गटागटाने बोलत गेल्या. बाई एकट्याच चालत होत्या. पुढे एकदा त्यांनी मला सांगितलं की भिकाही त्यांना बोलला होता. सविताची दहावी तोंडावर होती. “मला बी भ्या वाटत होतं, ताई. पण भ्या वाटतं म्हणून चुकीचं थोडंच बरोबर होतं?”

दुसऱ्या दिवशी मी पंचवटी कारंजावर पोचले तेव्हा बस उभी होती, घासूनपुसून चकचकीत. आणि थांब्याच्या बाजूला फुटपाथवर सगळ्या बायका उभ्या होत्या. चांगल्या साड्या नेसलेल्या. एकही चढलेली नव्हती. मध्ये झुंबरबाई, त्यांच्या शेजारी भागीबाई, हात छातीशी धरून. कोण कधी येऊन त्यांच्या बाजूला उभी राहिली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

हारुनभाईंनी इंजिन बंद केलं होतं. “मॅडम, मैं तो ड्रायव्हर हूं. सवारी बसली की निघणार.”

धनराजशेठ आधी ओरडला, मग हात जोडले, मग मोबाइल काढून कोपऱ्यात गेला. थोड्या वेळाने यादव साहेबांची गाडी येऊन थांबली. ते कॉलेज रोडला राहायचे; तिथून घाईघाईने आले असावेत, टाय नीट बसला नव्हता.

“झुंबरबाई, हा हट्टाचा दिवस नाही.”

“आमी कुठं हट्ट करतो? आमी आमच्या रिक्षानं येतो की. तुमच्या नियमात बसतं ते.”

रस्त्यावरचे लोक बघायला लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. “ठीक आहे. उद्यापासूनही या बसने. झालं?”

बायकांमध्ये हालचाल झाली. दोघी-तिघी पुढे सरकल्याही. झुंबरबाई हलल्या नाहीत. “कायमचं?”

“कायमचं. फक्त मागच्या सीटवर बसायचं. पुढे पर्मनंट लोक बसतात, उगीच तक्रारी नकोत.”

मला वाटलं, आता मिळालं, आता बाई चढतील. भागीबाईनेही त्यांच्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, “साहेब, मागं बसायला आमाला काय लाज नाय. जागा मागं असली तर मागं बसू. पण मागंच बसा म्हटलं, तर नाय चढणार. जो आधी येईल तो बसेल. बशीत सगळे सारखे.”

साहेब तांबडे झाले. शेजारून सिटी बस गेली, तिच्या खिडकीतून माणसं वाकून बघत होती. साहेबांनी बसकडे पाहिलं, आत मी एकटीच बसले होते. मग त्यांनी टाय सैल केला.

“हारुन,” ते मोठ्याने म्हणाले, “आजपासून या बसमध्ये कंत्राटी, पर्मनंट सगळे बसतील. कुठेही. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग.”

“जी साहेब. आणि माझा तो मेमो?”

त्याही गडबडीत साहेबांना हसू आलं. “फाडून टाकतो.”

झुंबरबाईंनी आधी भागीबाईला चढवलं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसवलं. मग बाकीच्या चढल्या. शेवटी त्या स्वतः. चढताना मागे वळून म्हणाल्या, “तुमी पण चला की, साहेब. पाहुणे बघतील, साहेब पण बशीतच येतो.”

आणि साहेब चढले. त्यांची गाडी ड्रायव्हर रिकामी घेऊन मागून आला, ती गेटच्या बरीच आधी थांबवायला सांगितली होती.

प्रमाणपत्र मिळालं. पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. सुरुवातीला काही पर्मनंट कामगारांनी कुरकुर केली. हारुनभाई प्रत्येकाला “यादव साहेब को पूछो” म्हणायचे. विचारायला कुणी गेलं नाही. साहेब मात्र त्या दिवसानंतर आठवड्यातून एखाद-दोनदा बसने यायला लागले. मग लोकांच्या लक्षात आलं की बसमध्ये साहेब मोकळे भेटतात. रजेचं काम, पतपेढीचं काम मायको सर्कल येईपर्यंत होऊन जातं. अकाउंट्सचे दोघं बसमध्ये यायला लागले ते पर्यावरणासाठी नव्हे, एवढं मी खात्रीने सांगते.

साहेबांनी पोस्टर काढून टाकलं. त्याऐवजी नियम बदलले. बस उशिरा आली तर कुणालाच लेट मार्क नाही. या एका ओळीने जेवढे लोक बसकडे वळले तेवढे कुठल्या भाषणाने वळले नव्हते. नवीन लागणाऱ्यांना पेट्रोल भत्ता बंद केला. मोटरसायकलींच्या शेडचा अर्धा भाग पुन्हा सायकलींना दिला, गेटजवळचा.

एक अडचण राहिली होती. ओव्हरटाइम असला की संध्याकाळची बस निघून जायची, आणि मग पुन्हा रिक्षा. मोटरसायकलवाले नेमकं हेच कारण सांगायचे. झुंबरबाई पुन्हा केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. या वेळी साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. आठवडाभरात ओव्हरटाइमवाल्यांसाठी दुसरी फेरी सुरू झाली. २००४-०५ पर्यंत अशी वेळ आली की पंचवटीच्या बसमध्ये उभं राहायला लागायचं, आणि नाशिकरोडसाठी कंपनीने पुन्हा एक गाडी भाड्याने घेतली.

बाईंना मात्र याचा त्रास झालाच. धनराजशेठने त्या दिवसाचा राग धरला होता. कामावरून काढता आलं नाही म्हणून त्याने त्यांना पॅकिंगमधून हलवून भंगार यार्डात टाकलं, तांब्याचे आणि पत्र्याचे तुकडे उन्हात निवडायला. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कंत्राटदाराच्या कामात मला हात घालता येत नाही. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “राहू द्या ताई. तिथून बी बस तीच हे.” पर्मनंट त्या कधीच झाल्या नाहीत. बसपायी कोर्टातही कुणी गेलं नाही. सविता दहावी झाली, पुढे नर्सिंगला गेली.

२००८ च्या शेवटी मंदी आली. ऑर्डरी कमी झाल्या आणि सगळ्यात आधी कंत्राटी बायका गेल्या. तोवर यादव साहेब आणि हारुनभाई दोघंही निवृत्त झाले होते. शेवटच्या दिवशी बाई माझ्याकडे हिशेबाचे पैसे घ्यायला आल्या. माझेच डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “रडता काय? हात धड हेत माझे.”

नंतरच्या वर्षी, सुट्टीच्या दिवशी, मी औरंगाबाद नाक्यावर बहिणीकडे जायला उभी होते. सकाळची वेळ. रस्त्याच्या कडेला कट्ट्यावर सात-आठ बायका डबे मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यात झुंबरबाई. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच.

“कुठे निघालात?”

“विंचूरला. वाइनच्या फॅक्टरीत बाटल्या भरायचं काम लागलंय.”

“मग इथे बसून काय करताय?”

“टेम्पो परत पाठवला आत्ताच. मागं उभं करून नेतो, बायांना. निफाडच्या वळणावर काल एक पडता पडता वाचली.”

“मग आता कामाचं काय?”

“माल भरायचा हे त्यांना. फोन केला सुपरवायझरला, बसायला सीट असलेली गाडी पाठव म्हटलं. बघू किती दिवस लागतात.”

शेजारची एक तरुण पोरगी घाबरून माझ्याकडे बघत होती. बाईंनी डबा उघडून तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. “खा. गाडी यायला वेळ लागंल.”

माझी बस आली आणि मी निघाले. तीन-चार महिन्यांनी भागीबाई मला बाजारात भेटली तेव्हा तिच्याकडून पुढचं कळलं. त्या दिवशी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कट्ट्यावरच्या दोघी तिसऱ्या दिवशी टेम्पोत चढून गेल्या. झुंबरबाई आणि बाकीच्या कट्ट्यावर येऊन बसत राहिल्या, आणि पुढच्या सोमवारी एक जुनी मिनीबस येऊन थांबली. ड्रायव्हरने विचारलं, विंचूरच्या बाया तुम्हीच का. बाईंनी आधी आत डोकावून सीटा बघितल्या, टेम्पोने गेलेल्या दोघींना निरोप पाठवला, आणि मगच चढल्या.